जबड्यातलं माप

“मग माझ्याकडं आलास कशाला?”

वस्तादांनी हे विचारलं तेव्हा अभिनंदन मगदूम पेढ्यांचा पुडा धरून शेडच्या दारात उभा होता. चपला काढून झाल्या होत्या. पाऊल आत पडलं नव्हतं.

“सगळं मिटलं म्हणालास. मालक खूश. गुरव काही बोलत नाही. तू इनचार्ज होणार. मग आलास कशाला?”

“पाया पडायला आलो, वस्ताद.”

“हं…”

एवढंच. पाय काही त्यांनी पुढं केले नाहीत.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर चहाची बशी धरून बसलो होतो. उठावं की बसावं, कळेना. वस्तादांनी नजरेनंच बस म्हटलं. बसलो. बसलो नसतो तर बरं झालं असतं, असं पुढं पुष्कळदा वाटलं.

आधी माणसं सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ नको.

बाबालाल मुल्लाणी हे कोल्हापुरातल्या उद्यमनगरचे जुने सेटर. सेटर म्हणजे मशीनवर नवीन काम लावून देणारा. हत्यारं बांधायची, मापं द्यायची, पहिला नग काढून तपासायचा आणि मशीन ऑपरेटरच्या ताब्यात देऊन पुढच्या मशीनकडं जायचं. ऑपरेटर मग दिवसभर नग काढतो, तो सेटरच्या भरवशावर. तालमीत कुस्ती शिकवणाऱ्याला आमच्याकडं वस्ताद म्हणतात. कारखान्यात हा मान फार थोड्यांना मिळतो. बाबालालना मिळाला होता.

वय झालं तशी त्यांनी नोकरी सोडली आणि घरामागं पत्र्याची शेड घातली. आत एक जुनं लेथ, म्हणजे काम गरगर फिरवून कापायचं यंत्र, आणि एक ग्राइंडर. बोथट झालेली ड्रिलं धार लावून द्यायचे.

माझं दुकान हत्यारांचं. जुन्या ड्रिलला धार लागली की माझं नवीन खपत नाही, म्हणजे व्यवहारानं बघितलं तर हा माणूस माझा वैरी. तरीपण सोमवारी उद्यमनगर बंद असलं की माझी पावलं तिकडंच वळायची. एकदा एक गिऱ्हाईक मोडकं ड्रिल माझ्या काउंटरवर आपटून गेलं. माल खोटा म्हणे. मी ते वस्तादांना दाखवलं. त्यांनी तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ड्रिल चांगलं आहे, शेठ. माणूस घाईत होता.” गिऱ्हाइकाला मी हे बोललो नाही. मुकाट्यानं दुसरं ड्रिल दिलं. धंदा आहे शेवटी.

अभिनंदन हा वस्तादांचा शेवटचा शिष्य आणि सगळ्यांत हुशार. चालत्या मशीनवर तळहात टेकून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचा, आणि ते जायचं. सांगताना ऐकायला चार माणसं आहेत ना, तेही बघायचा. वस्तादांनी त्याची तोंडावर तारीफ कधी केली नाही. माझ्याजवळ मात्र एकदा म्हणाले होते, ह्याच्या हातात माझ्यापेक्षा जास्त आहे. म्हणताना काही खूश दिसले नाहीत.

आता अपघाताचं.

गेल्या महिन्यात अभिनंदनच्या कारखान्यात सदाशिव गुरव नावाच्या ऑपरेटरचा उजवा हात मशीनमध्ये गेला. डॉक्टरांनी मनगटापासून काढला.

ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीन अशी असतात की दार उघडलं की आपोआप थांबतात. दाराला एक पोलादी पट्टी असते. ती खाचेत बसली की मशीनला वाटतं दार बंद आहे. कारागीर तिला जीभ म्हणतात. पण नवीन काम लावताना आत हत्यार कुठं जातंय ते सेटरला उघड्या दारातून बघायचं असतं. नियमात बसत नाही. करतात सगळेच. त्यासाठी सेटरच्या खिशात एक सुटी जीभ असते. ती खाचेत सारली की दार सताड उघडं असलं तरी मशीन फिरतच राहतं.

वस्तादांची एक रीत होती. शिष्य सेटर झाला की त्याला ते स्वतः कानशीनं घासलेली जीभ द्यायचे. तिला आखूड दोरी. दोरीचं दुसरं टोक शिष्याच्या कमरपट्ट्याला. काम लावून माणूस मशीनपासून वळला की दोरी ताणायची आणि जीभ बाहेर यायची. आत विसरून राहायची सोयच नव्हती.

अभिनंदनला दिली त्या दिवशी मी तिथंच होतो. तो हसून म्हणाला होता, वस्ताद, मला काय म्हशीगत बांधताय. वस्ताद गाठ मारता मारता म्हणाले, म्हैस शहाणी असती, बांधून घेती.

आणि शिष्य सेटरचा इनचार्ज झाला, की ती जीभ वस्तादांना परत. सोबत पेढे.

म्हणून अभिनंदन आला होता.

“आत ये,” वस्ताद म्हणाले.

तो आला. पुडा त्यानं ग्राइंडरशेजारी ठेवला. वस्तादांनी हात पसरला. अभिनंदननं खिशातून जीभ काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली.

त्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही. नुसता अंगठा फिरवला, त्या ड्रिलवरून फिरवला होता तसा.

“ही माझी नाही.”

“तुमची झिजली होती. नवीन करून घेतली.”

“पोलाद झिजलं तुझ्या खिशात?”

अभिनंदन हसला. हसणं पुरतं झालं नाही.

“दोरी?”

“दोरीचं काय सांगू, वस्ताद. चार मशीन एकटा बघतो मी. प्रत्येक मशीनला स्वतःला बांधून उभा राहिलो तर नग कधी निघायचे? मालक पाठीमागं उभा असतो. तुमच्या वेळी एक मशीन होतं.”

“एकच होतं,” वस्ताद म्हणाले.

भिंतीपलीकडं कुणी तरी गाडीला किक मारत होतं. गाडी सुरू होईना. आम्ही तिघंही तेच ऐकत राहिलो.

“जुनी कुठाय?”

अभिनंदननं पेढ्यांचा पुडा जरा आत सरकवला.

“अभिनंदन, मी दिलेली कुठाय?”

“मालकाच्या ड्रॉवरमध्ये.”

माझ्या हातातला चहा गार झाला होता. बशी खाली ठेवली तर आवाज होईल म्हणून तशीच धरून बसलो. अपघातानंतर मशीनच्या दारातून जी जीभ निघाली, ती मालकानं उचलून ठेवली, हे सगळ्या उद्यमनगरला माहीत होतं. ती कुणाची, ते मला आता कळलं. वस्तादांना बहुतेक अंगठा फिरवतानाच कळलं असावं.

अभिनंदन मग बोलायला लागला. एकदा लागला तो थांबेना. गुरवनं स्वतः सांगितलंय, म्हणाला. दवाखान्यात, मालकासमोर, बायकोसमोर. सेटरच्या टेबलावरून जीभ मी उचलली, मीच घातली, मीच दार उघडलं. कुणी त्याला दमात घेतलं नाही, कुणी काही लिहून आणलं नव्हतं. मालकानंही मन मोठं केलं. चूक गुरवची असून त्याला काढलं नाही, गेटवर बसवणार आहे. मालकाला गुरवनं एका हातानं नमस्कार केला.

“एका हातानं,” वस्ताद म्हणाले.

अभिनंदन मग अपघाताच्या दिवसाचं सांगू लागला. हत्यारावर चिपेचा, म्हणजे धातू कापताना निघणाऱ्या सालीचा, गुंता झाला होता. लांब, वेटोळ्यांची, धारदार चीप. गुरवनं रोजच्यासारखं दार उघडलं आणि ती ओढायला हुक आत घातला. दार उघडलं की मशीन थांबतं, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. ते थांबलं नाही.

ओरडणं ऐकून पहिला धावला तो अभिनंदनच. त्यानं अंगातला शर्ट काढून हात बांधला. कंपनीच्या टेम्पोत मागं बसून गुरवचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखान्यापर्यंत धरून ठेवलं.

हे सगळं खरं होतं. सांगताना त्याचे डोळे भरून आले, तेही खरं होतं.

वस्ताद ऐकत होते. मग म्हणाले, “वाटेत काय बोलत होतास त्याच्याशी?”

“शुद्ध जाऊ नये म्हणून बोलत होतो.”

“काय?”

“आठवत नाही.”

“आठव.”

अभिनंदन लेथकडं बघत राहिला.

“…कशाला उघडलंस रे दार, सदा. असंच काही तरी. तू कशाला उघडलंस. मी घाबरलो होतो, वस्ताद. दुसरं काही सुचत नव्हतं. तेच तेच बोलत होतो.”

“आणि तो?”

“आधी नुसता कण्हत होता. मग म्हणायला लागला, मी कशाला उघडलं, मी कशाला उघडलं.”

“आणि जिभेचं?”

“ते… नंतर. दुसऱ्या दिवशी मी गेलो होतो. टेबलावरची जीभ तू घेतलीस काय, असं विचारलं फक्त. विचारलं, वस्ताद. तो म्हणाला, घेतली असेन.”

गाडी एकदाची सुरू झाली आणि निघून गेली.

मी व्यवहारी माणूस. मला वाटलं, आता दोन्ही पारड्यांत काय आहे ते स्वच्छ दिसतंय. खरं बाहेर आलं तर अभिनंदनची नोकरी जाईल, पोलीसही दारात येतील. बाहेर आलं नाही तर गुरवला भरपाई नाही. तो गेटवर बसून येणारे-जाणारे ट्रक बघत जन्म काढील आणि रोज स्वतःलाच विचारील, मी कशाला उघडलं.

अभिनंदनलाही ते दिसत होतं. म्हणूनच की काय, तो एकदम चिडला.

“जीभ तुम्हीच दिलीत ना मला? नियमात बसत नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

वस्तादांना हे लागलं. मी बघितलं. त्यांचा हात ग्राइंडरच्या पाट्यावर टेकला आणि तिथंच राहिला.

“मी दिली,” ते म्हणाले. “ते माझं मी बघीन.”

“मग माझंच माप का काढताय?”

वस्ताद हळूच उठले. फळीखालच्या भंगाराच्या डब्यातून पितळी नळीचा एक तुकडा काढला. पातळ, बांगडीपेक्षा जरा रुंद. तो लेथच्या चकात धरला. चक म्हणजे तीन जबड्यांची पकड, काम त्यात आवळून बसवतात. वस्तादांनी चावी लावली आणि आवळलं. पुन्हा आवळलं. म्हाताऱ्या अंगाचा सगळा भार चावीवर टाकून आवळलं. एवढं आवळायचं नसतं, हे माझ्यासारख्या दुकानदारालाही कळत होतं.

“आतून साफ कर,” ते म्हणाले.

अभिनंदनला सुटल्यासारखं झालं असावं. हाताला काम मिळालं. त्यानं बाह्या सारल्या, हत्यार जुळवलं, लेथ सुरू केलं.

तो काम करताना बघावा. चेहऱ्यावरचा ताण उतरला. हत्यार पितळाला टेकलं तसा बारीक सोनेरी भुगा खाली सांडायला लागला. आवाज एकसारखा, कुठं खरखर नाही. जुनं लेथ, पण त्याच्या हाताखाली नव्यासारखं वागत होतं. ते हात बघताना मला एकाएकी गुरवची आठवण आली आणि मी नजर दुसरीकडं वळवली.

लेथ थांबलं.

“गोल झालं काय बघ.”

अभिनंदननं आतलं माप दाखवणारा काट्याचा गेज आत घालून फिरवला. काटा जागचा हलला नाही. त्यानं दुसऱ्या बाजूनं फिरवला. काटा तिथंच.

“गोल आहे,” तो म्हणाला. सवयीनं त्याच्या आवाजात जरा ऐट आली. “केसाचा फरक नाही.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे… बघा की काटा.”

“जाऊ दे मग पुढं? पास?”

“हो, चकात तर…”

तो थांबला.

हे मी वस्तादांकडूनच कधी तरी शिकलो होतो, म्हणून मलाही कळलं. पातळ काम तीन जबड्यांत जास्त आवळलं की दबतं. दबलेलं असताना आतून कापलं तर आत ते सुरेख गोल होतं, माप बरोबर दाखवतं. जबडे सैल केले की ते आपल्या मूळ अंगावर जातं, आणि तीन ठिकाणी फुगलेलं, वेडंवाकडं निघतं. नवीन कारागीर ही चूक एकदा तरी करतो. म्हणून असलं काम जबड्यात असताना मोजून कधी पास करायचं नाही.

अभिनंदन हे स्वतः पोरांना शिकवायचा. गुरवचं ‘घेतली असेन’ मात्र त्यानं दवाखान्याच्या खाटेवरच मोजून पास केलं होतं.

वस्तादांनी चकची चावी उचलून त्याच्यापुढं धरली.

“सोड.”

त्यानं चावी घेतली. चकच्या चौकोनी भोकात बसवली. दोन्ही हातांनी धरली.

फिरवली नाही.

“काय होणार ते मला माहीत आहे, वस्ताद.”

“मग सोड की.”

वरच्या पत्र्यावर कावळा चालत होता. त्याच्या नखांचा आवाज येत होता. पितळाचा भुगा अभिनंदनच्या मनगटाला चिकटून चमकत होता. त्याची बोटं चावीवर पांढरी पडली होती, आणि चावी जागची हलत नव्हती.

“माझी पोरगी लहान आहे अजून,” तो म्हणाला.

वस्तादांची नजर चावीवरच.

“मी जीभ मुद्दाम आत ठेवली नव्हती. पलीकडच्या मशीनवर हत्यार मोडलं, तिकडं पळालो. विसरलो. माणूस विसरतो.”

मला राहवलं नाही. मी म्हणालो, वस्ताद, पोर बोलतंय, काही तरी बोला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं वाटलं असतं. राग नव्हता. फार थकलेला माणूस बघतो तसे बघत होते. मी पुन्हा बशीत डोळे घातले.

अभिनंदनचा आवाज खाली आला. जवळजवळ अर्ज केल्यासारखा बोलला.

“त्यानं एकदा जरी म्हटलं असतं ना, की जीभ तुम्हीच विसरलात, तर मी नाही म्हणालो नसतो. आईशपथ. अजूनसुद्धा म्हणू दे त्यानं. मालकासमोर म्हणू दे. मी मान खाली घालून हो म्हणीन. पण त्यानं म्हणायला पाहिजे. तो एक शब्द बोलत नाही, मग मी कशाला…”

वस्ताद जवळ गेले. त्यांनी चावीला हात लावला नाही. चावीवर आवळलेल्या त्याच्या दोन्ही हातांकडं बराच वेळ बघत राहिले. बोटं, नखं, मनगटं, एकेक बघितलं.

मग म्हणाले,

“गुरवला उजवा हात नाही, पोरा. चावी तुलाच फिरवावी लागंल.”